डॉक्टर राल्फ बंच : शस्त्रसंधीची रास रचणारा मनुष्य

याकोब आणि लाबान ह्या जावई-सासऱ्यांची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील बालकांनाही ठाऊक आहे. वीस वर्षे दोघांनी एकमेकांस फसविले. शेवटी याकोब बायकामुले व गुरेढोरे घेऊन गुपचूप निघाला, लाबान भाऊबंदांसह त्याच्या पाठीस लागला, आणि गिलादाच्या डोंगरावर दोन्ही तळ समोरासमोर पडले. तेथे रक्त सांडावयाचे, पण सांडले नाही. दोघांनी दगड गोळा करून रास रचिली, आणि वाईट हेतूने ह्याने ती ओलांडून पलीकडे जाऊ नये व त्याने अलीकडे येऊ नये असे देवास साक्षी ठेवून ठरविले. वीस वर्षांच्या मजुरीचा हिशेब त्या दिवशी मिटला नाही. कोणी कोणाची क्षमा मागितली नाही. तरी त्या रात्री दोन्ही तळांतील लेकरे निर्भयपणे निजली.

ह्या गोष्टीची आम्हांस आठवण होण्याचे कारण असे की, त्याच प्रदेशात सन १९४९ मध्ये अशीच एक रास रचिली गेली. ती दगडांची नव्हती. नकाशावर काढिलेल्या रेघांची व कागदावर केलेल्या सह्यांची होती. ती रचण्यास जो मनुष्य झटला तो यहुदी नव्हता आणि अरबही नव्हता. गुलामगिरीत जन्मलेल्या एका आजीचा तो नातू होता. त्याचे नाव डॉक्टर राल्फ बंच. त्यांना देवाघरी जाऊन आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. त्यांचे चरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते. कारण भांडण थांबविणे म्हणजे काय, आणि भांडण थांबले तरी काय उरते, हे दोन्ही त्यांच्या आयुष्यातून शिकण्यासारखे आहे.

राल्फ बंच ह्यांचा जन्म विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी अमेरिकेतील मिशिगन प्रांतात, डेट्रॉइट शहरी झाला. ते कृष्णवर्णीय कुळातले. बाप लोकांची हजामत करून पोट भरीत असे. आईची प्रकृती नाजूक होती, म्हणून राल्फ सुमारे दहा वर्षांचा असता कोरड्या हवेसाठी हे कुटुंब दूर न्यू मेक्सिको प्रांतातील आल्बुकर्की गावी गेले. तेथे सन १९१७ मध्ये आई वारली, आणि बापाचाही आधार तुटला. राल्फ व त्याची धाकटी बहीण ग्रेस ही दोन पोरकी लेकरे आजीच्या पदरी आली. आजीचे नाव लूसी जॉन्सन. ती वर्णाने इतकी उजळ होती की तिने मनात आणिले असते तर गोऱ्या लोकांत सहज मिसळून गेली असती. परंतु आपल्या लोकांस सोडून सुखी होण्याचा विचार तिने कधी केला नाही. ती नातवंडांस घेऊन लॉस एंजेलिस शहरी आली, आणि तेथे त्यांचा सांभाळ तिने केला.

मुलगा वर्तमानपत्रे विकी, घरोघर गालिचे घालणाऱ्यांच्या हाताखाली राबे, आणि उरलेल्या वेळात अभ्यास करी. तेथील शाळेत कृष्णवर्णीय मुलांस हातकामाच्या वर्गात घालण्याची चाल होती. ह्यांना पुढे महाविद्यालयात थोडेच जावयाचे आहे, असा शिक्षकांचा समज असे. आजी स्वतः शाळेत गेली आणि माझा नातू पुढे शिकणार आहे, त्यास त्याच विषयांच्या वर्गात बसवा, असा तिने हट्ट धरिला. तिचा शब्द राहिला. शाळेच्या अखेरीस राल्फ सर्वांत वरचा आला. तरी शहरातील गुणवंत विद्यार्थ्यांचे जे मंडळ होते त्यात, केवळ कातडीच्या रंगामुळे, त्यास घेतले नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनी शाळेच्या ओट्याखाली बसून अक्षरे गिरविली आहेत; त्यांस ह्या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत खेळाच्या बळावर त्यांना शिष्यवृत्ती मिळाली, आणि वरखर्चासाठी ते तेथेच झाडलोट करीत. सन १९२७ मध्ये ते पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाले. हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलाविले, पण तेथवर जाण्यास व राहण्यास पैसा कोठून आणावा? तेव्हा लॉस एंजेलिस येथील कृष्णवर्णीय लोकांनी आपसांत वर्गणी काढून एक हजार डॉलर जमविले व त्यांची पाठवणी केली. ज्यांनी ही वर्गणी दिली त्यांपैकी बहुतेकांचे हात कष्टाने घट्टे पडलेले होते. हार्वर्ड येथे राज्यशास्त्राचा अभ्यास करून सन १९३४ मध्ये ते डॉक्टर झाले. अमेरिकेत ह्या विषयात ही पदवी मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. मधल्या काळात त्यांनी वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात शिकविण्यास आरंभ केला होता. सन १९३० मध्ये रूथ हॅरिस ह्या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. प्रबंधासाठी ते पश्चिम आफ्रिकेत जाऊन फ्रेंचांच्या हाताखालील दोन मुलुखांचा कारभार पाहून आले. दूरच्या राजधानीत कोणी नकाशावर रेघ ओढतो आणि इकडे एखाद्या खेड्यातील माणसाचा राजा बदलतो, त्याचा पुढील जन्म कसा जातो, हे त्यांनी तेथे समक्ष पाहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर सन १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाची सनद सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झाली. त्या कामात डॉक्टर बंच ह्यांचा हात होता, आणि लवकरच ते राष्ट्रसंघाच्या नोकरीत शिरले. सन १९४७ मध्ये ब्रिटिशांनी पॅलेस्टाईनचा गुंता राष्ट्रसंघाच्या पुढ्यात टाकिला. चौकशीसाठी अकरा राष्ट्रांचे एक मंडळ तिकडे गेले. त्यात भारताचाही प्रतिनिधी होता, आणि साहाय्यक म्हणून डॉक्टर बंच होते. मंडळात मतभेद झाला. बहुतेकांनी देशाची यहुदी व अरब अशी वाटणी सुचविली. भारत, इराण व युगोस्लाव्हिया ह्या तिघांनी वाटणी न करिता दोन्ही लोकांचे मिळून एक संघराज्य करावे असे मांडिले. मौज अशी की, ह्या दोन्ही विरुद्ध अहवालांचे मसुदे तयार करण्याचे काम डॉक्टर बंच ह्यांच्याकडेच आले, आणि दोन्ही त्यांनी सारख्याच प्रामाणिकपणे लिहून दिले. दुसऱ्याचे म्हणणे, ते आपणांस पटो वा न पटो, त्याला ओळखता येईल अशा शब्दांत मांडणे ही विद्या पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी राष्ट्रसंघाच्या सभेने वाटणीचा ठराव केला. यहुद्यांनी तो मानिला. अरबांनी मानिला नाही. देशात आपसांत कापाकापी सुरू झाली. १४ मे १९४८ रोजी इस्राएल राष्ट्राची घोषणा झाली, आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या अरब राज्यांच्या फौजा आत शिरल्या. तेव्हा राष्ट्रसंघाने स्वीडनच्या राजघराण्यातील काउंट फोल्के बर्नाडोट ह्यांस मध्यस्थ नेमिले, आणि डॉक्टर बंच त्यांचे प्रमुख सहकारी झाले. बर्नाडोट हे भक्तिमान घरात वाढलेले गृहस्थ. महायुद्धाच्या अखेरीस रेडक्रॉसच्या पांढऱ्या गाड्या जर्मनीत नेऊन त्यांनी हजारो कैदी, त्यांत कित्येक यहुदीही, छळछावण्यांतून सोडवून आणिले होते. त्यांच्या खटपटीने ११ जूनपासून चार आठवडे बंदुका थांबल्या. मुदत संपताच पुन्हा लढाई पेटली. १८ जुलैस दुसऱ्यांदा युद्धविराम झाला. परंतु तडजोडीचे बोलणाऱ्यास दोन्हीकडचे कडवे लोक शत्रूच मानतात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी यरुशलेम नगरात यहुद्यांपैकी एका अतिरेकी टोळीने बर्नाडोट ह्यांची मोटार अडवून त्यांना गोळ्या घालून मारिले. शेजारी बसलेले फ्रेंच कर्नल सेरो हेही मारले गेले. डॉक्टर बंच त्या दिवशी त्यांस भेटावयाचे होते. वाटेत खोळंबा झाल्यामुळे ते उशिरा पोहोचले, आणि म्हणून वाचले.

आपल्या प्रमुखाचे प्रेत मायदेशी पाठविण्याची वेळ त्यांच्यावर आली, आणि पाठोपाठ मध्यस्थाचे कामही त्यांच्याच अंगावर पडले. ज्या कामात आदला मनुष्य नुकताच मारला गेला ते काम हाती घेणे सोपे नसते. डॉक्टर बंच ह्यांनी ते घेतले.

येथे आम्ही तीन शब्द वाचकांस समजावून सांगतो, कारण वर्तमानपत्रांत ते सरमिसळ येतात. पहिला युद्धविराम : दोघे काठ्या घेऊन भिडले असता गावकरी मधे पडतात आणि काठ्या खाली ठेववितात, तसे हे. दुसरा शस्त्रसंधी : दोघांस पंचांपुढे बसवून, निकाल होईपर्यंत ह्याने ह्या खुणेच्या आत व त्याने त्या खुणेच्या आत वहिवाट करावी, अशी लेखी कबुली घेतात, तसे हे. तिसरा तह : सरकारी मोजणी होऊन, कागद होऊन, हद्दीचे दगड कायमचे रोवले जातात आणि दोन्ही घरांची येजा सुरू होते, तसे हे. डॉक्टर बंच ह्यांच्याकडे जे काम आले ते दुसरे होते. १६ नोव्हेंबर १९४८ रोजी सुरक्षा समितीने ठराव करून लढणाऱ्या सर्वांस शस्त्रसंधी करण्यास सांगितले.

बोलणी भूमध्य समुद्रातील ऱ्होड्स बेटावर १३ जानेवारी १९४९ रोजी सुरू झाली. प्रेषित पौल यरुशलेमेच्या शेवटल्या प्रवासास निघाला असता ज्या बेटांस त्याचे जहाज लागले त्यांपैकीच हे एक. प्रथम इस्राएल आणि इजिप्त, म्हणजे पवित्रशास्त्रातील मिसर देश, ह्यांचे प्रतिनिधी आले. समुद्रकाठच्या एकाच हॉटेलात, वेगवेगळ्या मजल्यांवर, दोन्ही मंडळ्या उतरल्या. एकमेकांशी बोलावयाचे कसे हाच पहिला प्रश्न. डॉक्टर बंच आधी प्रत्येकाकडे निराळे जात, ह्याचे त्यास व त्याचे ह्यास सांगत, आणि मग दोघांस आपल्या दालनात एकत्र आणीत. मोठा प्रश्न त्यांनी प्रथम काढिलाच नाही. कोणत्या क्रमाने काय बोलावयाचे एवढ्याच एका यादीवर त्यांनी आधी दोन्हीकडच्या सह्या घेतल्या. त्यात दोन हेतू होते. एक, दोघे एका खोलीत यावेत. आणि दुसरा, कोणत्या तरी कागदावर दोघांची सही एकदा व्हावी, म्हणजे पुढची सही जड जाणार नाही.

ह्याप्रमाणे सहा आठवडे गेले. बैठका रात्री उशिरापर्यंत चालत. एका वाक्यावर अडले की ते बाजूस ठेवून दुसरे घेत. बोलणी फिसकटण्याच्या बेतास आली की डॉक्टर बंच एखाद्या प्रतिनिधीस बिलियर्ड खेळावयास नेत. त्यांनी त्या बेटावरील कुंभारांकडून ऱ्होड्सच्या बोलण्यांचे नाव घातलेल्या सुंदर रंगीत थाळ्या करवून आणिल्या होत्या. त्या त्यांनी दोन्हीकडच्या लोकांस दाखविल्या आणि थट्टेने सांगितले की, सही झाली तर प्रत्येकास एकेक थाळी घरी नेण्यास मिळेल, आणि न झाली तर ह्याच थाळ्या तुमच्या डोक्यांवर फोडीन. सगळे हसले. शत्रूंना एकाच गोष्टीवर एकाच वेळी हसविणे हेही मध्यस्थाच्या कामातलेच आहे.

२४ फेब्रुवारी १९४९ रोजी पहिला शस्त्रसंधी झाला. फालुजा गावी इजिप्तचे सुमारे चार हजार शिपाई कित्येक महिने वेढ्यात अडकले होते. करार होताच त्यांस हत्यारांसह मायदेशी जाऊ दिले. त्यांतच एक तरुण अधिकारी होता, जमाल अब्दुल नासेर नावाचा. तो पुढे इजिप्तचा अध्यक्ष झाला. गाझा नगराभोवतीची जी चिंचोळी पट्टी इजिप्तच्या ताब्यात राहिली, तिची आकृती ह्याच रेघेने ठरली. करारात स्पष्ट लिहिले की, ही रेषा म्हणजे राज्याची सरहद्द समजू नये. दोघांचे हक्क व दावे पुढील निकालापर्यंत जसेच्या तसे राहतील. रेषेवर तंटा झाल्यास तो ऐकण्यासाठी दोन्हीकडचे तीन तीन अधिकारी आणि राष्ट्रसंघाचा एक अध्यक्ष अशी सात जणांची मिश्र समिती नेमिली.

एकाने वाट पाडिली म्हणजे मागून येणाऱ्यास ती सोपी होते. २३ मार्च रोजी लेबनानने, ३ एप्रिल रोजी जॉर्डनने आणि २० जुलै रोजी सिरियाने असेच करार केले. शेवटच्या करारात सर्वांत अधिक अडचण आली. सिरियाची फौज जुन्या हद्दीच्या अलीकडे आली होती; ती मागे घ्यावी तर तिचा मान जातो, राहू द्यावी तर इस्राएल ऐकत नाही. तेव्हा डॉक्टर बंच ह्यांनी असे सुचविले की, सिरियाने फौज मागे न्यावी, परंतु मोकळ्या झालेल्या जमिनीत इस्राएलनेही फौज आणू नये. अशा रीतीने तेथे बिनफौजेचा टापू झाला आणि लढाई संपली.

सह्या झाल्या, तोफा थांबल्या. पण आम्ही वाचकांस अर्धीच गोष्ट सांगितली तर ते खरे होणार नाही. नकाशावर हिरव्या शाईने काढिलेली ती रेषा जमिनीवर कशी उतरली तेही सांगितले पाहिजे.

यरुशलेम नगरापुरती रेघ दोन्हीकडच्या सेनाधिकाऱ्यांनी आधीच, १९४८ च्या नोव्हेंबरअखेर, जाड रंगीत पेन्सिलींनी काढिली होती. नकाशाचे प्रमाण वीस हजारास एक. अशा नकाशावर तीन-चार मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर साठ ते ऐंशी मीटर. त्या जाडीच्या पोटात लोकांची घरे, अंगणे व रस्ते आले, आणि त्यांची मालकी कोणाची ह्यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाले. नगराच्या दक्षिणेस बेत सफाफा नावाचे खेडे आहे. रेषा आगगाडीच्या रुळांच्या अंगाने गेली आणि त्या एका गावाचे दोन देश झाले. मधे तारेचे कुंपण आले, आणि भाऊबंद अठरा वर्षे कुंपणाच्या दोन्ही बाजूंस उभे राहून एकमेकांची खुशाली विचारीत. इतर कित्येक गावांत घर अलीकडे राहिले आणि शेत पलीकडे गेले. जॉर्डनशी झालेल्या करारात, रेषेमुळे ज्या गावांस झळ पोहोचेल त्या गावकऱ्यांचा राहण्याचा, मिळकतीचा व मोकळीकीचा हक्क सांभाळिला जाईल, असे कलम होते. कागदावर ते अद्याप वाचता येते. शेतकऱ्यास मात्र आपले पलीकडचे शेत कसता आले नाही. शिवाय जॉर्डनची रेषा सर्वस्वी ऱ्होड्स येथे ठरली असे नाही. इस्राएलने राजा अब्दुल्ला ह्यांच्याशी गुप्त बोलणी करून व युद्धाचा धाक घालून आणखी एक पट्टा मिळविला, आणि त्यातील अरब खेडी, त्यांस न विचारता, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली.

ह्याहून मोठे दुःख निराश्रितांचे. ह्या युद्धात सुमारे सात लाख अरब घरदार सोडून परागंदा झाले, आणि बहुतेकांस परत येता आले नाही. परत येऊन शांतीने राहू इच्छिणाऱ्यांस येऊ द्यावे, असा राष्ट्रसंघाचा ठराव ११ डिसेंबर १९४८ चा आहे; तो अमलात आला नाही. यहुद्यांस यरुशलेमेतील पश्चिम भिंतीपाशी प्रार्थनेस जाऊ देण्याचे कलमही असेच कागदावर राहिले. दुभागलेल्या नगरात मॅन्डेलबाम नावाचा एक नाका होता. तेथून सर्वसाधारण लोकांस येजा नसे. इस्राएलमधील ख्रिस्ती जनांस नाताळात बेथलेहेमास जाण्यापुरती परवानगी मिळे, आणि त्या निमित्ताने कित्येकांस वर्षाकाठी एकदा पलीकडच्या आप्तांचे तोंड दिसे. ज्याच्या जन्माचा तो सण, तो दुभागणारी भिंत पाडावयास आला होता, हे आम्ही आमच्या वाचकांस सांगावयास नको.

ह्या सर्वांवरून कोणी म्हणेल की मग डॉक्टर बंच ह्यांनी मिळविले काय? त्यांनी एवढे मिळविले की दररोज मरणारी माणसे मरावयाची थांबली. ते थोडे नाही. आणि त्यांनी त्यास ते होते त्याहून मोठे नाव दिले नाही. शस्त्रसंधी हा शांततेकडे जाणारा एक टप्पा आहे, शांतता पुढे मिळवावयाची आहे, असेच ते धरून चालले. सन १९५० चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मिळाले. ते मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय. प्रथम त्यांनी ते नाकारण्याचे ठरविले होते. राष्ट्रसंघाचा नोकर शांततेसाठी झटतो तो बक्षिसासाठी नव्हे, असे त्यांचे म्हणणे. राष्ट्रसंघाचे मुख्य सचिव ट्रिग्व्ह ली ह्यांनी आग्रह केला तेव्हा त्यांनी ते स्वीकारिले.

भांडण नसणे आणि न्याय असणे ह्यांतील अंतर त्यांना कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यांच्या स्वतःच्या देशात एक रेषा होती, जी कोणत्याही नकाशावर काढिलेली नव्हती. तिच्या एका बाजूस गोऱ्यांची शाळा, गोऱ्यांचे हॉटेल, गोऱ्यांचा मोहल्ला. दुसऱ्या बाजूस कृष्णवर्णीयांचा. तेथे बंदुका चालत नव्हत्या, पण शांतीही नव्हती. सन १९४९ मध्ये, ऱ्होड्स येथून ते जगप्रसिद्ध होऊन परतले तेव्हा, अध्यक्ष ट्रुमन ह्यांनी त्यांस परराष्ट्र खात्यात मोठ्या अधिकाराची जागा देऊ केली. त्यांनी ती नम्रपणे नाकारिली. वॉशिंग्टन शहरात वर्णभेद चालतो, आणि त्या रेषेच्या आत आपली मुले पुन्हा वाढवावीत अशी आपली इच्छा नाही, हे कारण त्यांनी लपविले नाही. सन १९५९ मध्ये न्यूयॉर्क येथील एका प्रसिद्ध टेनिस क्लबाने त्यांना व त्यांच्या मुलास वर्णामुळे सभासद करून घेण्याचे नाकारिले. गवगवा झाला, क्लबाने क्षमा मागितली, सभासदत्व देऊ केले. डॉक्टर बंच ह्यांनी ते घेतले नाही. नामांकित मनुष्य म्हणून एकट्यास जे दार उघडते ते आपल्या सर्व लोकांस उघडले असे होत नाही, असा त्यांचा आशय होता. सन १९६५ मध्ये प्रकृती ढासळली असताही ते डॉक्टर मार्टिन लूथर किंग ह्यांच्याबरोबर आलाबामा प्रांतातील सेल्मा येथील मोर्चात पुढल्या रांगेत चालले. आमच्या खेड्यांतही गावकुसाची रेषा होती, व कोठे कोठे ती मनात अद्याप आहे. गावात दंगा नाही म्हणून गाव चांगले, असे जे म्हणतात त्यांनी रेषेच्या ह्या बाजूस येऊन विचारावे.

राष्ट्रसंघात ते शेवटपर्यंत राबले. सन १९५६ मध्ये सुवेझ कालव्यावरून युद्ध झाले, तेव्हा दोन्ही फौजांमधे उभे राहण्यासाठी राष्ट्रसंघाची पहिली शांतिसेना उभी करण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या सेनेत भारताचे शिपाई मोठ्या संख्येने होते आणि ते गाझाच्या शस्त्रसंधी रेषेवर दहा वर्षांहून अधिक काळ पहारा करीत राहिले. सन १९६७ च्या मे महिन्यात इजिप्तने ही सेना काढून घेण्यास लाविले, आणि ५ जून रोजी युद्ध पेटले. गाझात अद्याप असलेल्या भारतीय शिपायांपैकीही काही जण त्यात मारले गेले. सहा दिवसांत १९४९ च्या रेषा तुडविल्या गेल्या. सिरियाच्या बाजूस जो बिनफौजेचा टापू केला होता तेथे तर मधल्या सर्व वर्षांत नांगर चालला की गोळी चालावी अशी गत झाली होती. कारण जमीन कोणी कसावी हा प्रश्न पुढे ढकलला होता, तो पुढे कोणी सोडविलाच नाही.

९ डिसेंबर १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे डॉक्टर बंच वारले. मधुमेहाने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. ज्या इजिप्तची पहिली सही त्यांनी ऱ्होड्स येथे घेतली, त्याने इस्राएलशी कायमचा तह केला तो सन १९७९ मध्ये. जॉर्डनने केला तो सन १९९४ मध्ये. पहिल्या रेघेपासून पहिल्या तहापर्यंत तीस वर्षे गेली, आणि त्या भूमीवर त्यानंतरही पुष्कळ रक्त सांडले आहे. आपल्या देशासही हा अनुभव नवा नाही. ज्या जुलै महिन्यात सिरियाने सही केली, त्याच महिन्याच्या २७ तारखेस कराची येथे भारत व पाकिस्तान ह्यांच्या सेनाधिकाऱ्यांनी काश्मीरमधील युद्धविराम रेषेवर सह्या केल्या. तीच काही फेरफारांनी सन १९७२ मध्ये नियंत्रण रेषा झाली. तिच्या पहाऱ्यावर महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांतून गेलेली मुले उभी राहिली आहेत, आणि कित्येक परत आली नाहीत.

आमच्या उपदेशक बंधूंस मंडळीतील बांधाची, विहिरीची आणि वाटणीची भांडणे वारंवार सोडवावी लागतात. त्यांनी ह्या चरित्रातून तीन गोष्टी घ्याव्यात असे आम्हांस वाटते. पहिली, मोठा प्रश्न आधी काढू नये. ज्या लहान गोष्टीवर दोघांची सही होईल ती आधी शोधावी. दुसरी, एकाचे म्हणणे दुसऱ्यास सांगताना त्यात आपले मीठ घालू नये. तिसरी, आणि ही सर्वांत अवघड : खूण ठोकून झाली म्हणजे काम झाले असे समजून घरी जाऊ नये. जे उद्यावर टाकिले ते उद्या हाती घेतले पाहिजे. नाही तर खुणेचा दगडच पुढच्या पिढीच्या डोक्यात बसतो. ज्याची जमीन पलीकडे राहिली त्याचे ऐकून घेण्यास कोणी तरी राहिले पाहिजे.

लाबानापासून निघून याकोब पुढे गेला, तो त्यास एसाव भेटला. तेथे दगड रचावे लागले नाहीत. याकोब सात वेळा भूमीपर्यंत लवला, एसाव धावत आला, आणि दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. गिलादाच्या डोंगरावर रास रचिली गेली नसती तर याकोब ह्या भेटीपर्यंत जिवंत पोहोचला असता की नाही, कोण जाणे. त्या देशातील यहुदी, मुसलमान व ख्रिस्ती अशा सर्व लेकरांसाठी, आणि आमच्या स्वतःच्या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या लेकरांसाठी, येत्या प्रभुवारी मंडळ्यांनी प्रार्थना करावी अशी आमची विनंती आहे.